फ्रेंच शब्द, नॅशव्हिलचा ठेका

1974 साली पॅरिसच्या एडी मिचेलने अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात जाऊन एक अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘रॉकिंग इन नॅशव्हिल’. मिचेल तेव्हा नवखा नव्हता. मूळ नाव क्लोद म्वान, जन्म 1942 चा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ‘ले शोसेत न्वार’, म्हणजे ‘काळे मोजे’, या बँडचा तो मुख्य गायक होता आणि 1963 पासून स्वतंत्रपणे गात होता. पण दशक संपता संपता त्याची चलती ओसरली. ती परत आली नॅशव्हिलनंतर. 1976 चा ‘स्युर ला रूत द मेंफिस’, म्हणजे ‘मेंफिसच्या वाटेवर’, आणि 1977 चा ‘ला दर्निएर सेआंस’, म्हणजे ‘शेवटचा खेळ’, या अल्बमांनी तो पुन्हा पहिल्या रांगेत आला.

फ्रेंच पॉप गायकाला अमेरिकी कंट्री आणि फोक-रॉक जमतं तेव्हा नेमकं काय जमलेलं असतं? बहुतेकांचं लक्ष आधी वाद्यांकडे जातं. वाद्यं महत्त्वाची आहेतच. पण वाद्यं आणि वादक पैसे देऊन मिळतात. खरी अडचण आहे ती फ्रेंच भाषेची, आणि मराठी वाचकाला ती समजायला सोपी आहे, कारण आपल्या भाषेची घडण त्या बाबतीत फ्रेंचच्या बरीच जवळची आहे.

आधी दोन्ही प्रकारांची ओळख थोडक्यात. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गोऱ्या कष्टकऱ्यांचं गाणं, ज्यात काळ्यांच्या ब्लूजचाही मोठा वाटा आहे. साधी चाल, तीन-चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरगट, आणि गोष्ट सांगणारे शब्द. फोक-रॉक म्हणजे लोकगीताच्या किंवा बॉब डिलनसारख्या कवी-गायकाच्या गाण्याला इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रमची जोड. हा प्रकार 1965 मध्ये ठळकपणे पुढे आला आणि फ्रान्सला पोचायला त्याला वेळ लागला नाही: गायक यूग ओफ्रेने गीतकार पिएर देलानोएच्या मदतीने डिलनची गाणी फ्रेंचमध्ये आणून त्यांचा अख्खा अल्बम काढला तोही 1965 सालीच.

आता नॅशव्हिलच्या स्टुडिओत जाऊ. तिथली रीत म्हणजे तीन तासांचं एक सत्र: सकाळी 10, दुपारी 2, संध्याकाळी 6. एका सत्रात साधारण चार गाणी व्हावीत अशी अपेक्षा असते. वादक ठरलेले, रोज एकमेकांसोबत बसणारे. त्यांच्यापुढे पूर्ण नोटेशन नसतं, कागदावर नुसते आकडे असतात. ‘जॉर्डनेअर्स’ या गायकसंचातल्या नील मॅथ्यूजने पन्नासच्या दशकाच्या शेवटी ही आकड्यांची पद्धत काढली आणि चार्ली मकॉय व इतर वादकांनी ती सगळ्या शहरात रुजवली. 1 म्हणजे षड्जावरची कॉर्ड, 4 म्हणजे मध्यमावरची, 5 म्हणजे पंचमावरची. आकड्यापुढे आडवी रेघ असली तर ती मायनर, म्हणजे कोमल गंधाराची, कॉर्ड. बस, एवढंच. ‘1 1 4 1’ असं लिहिलेलं गाणं कुठल्याही पट्टीत वाजवता येतं.

सरगम जाणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आपला सा हलता असतो. गायकाने काळी एक सांगितली काय नि पांढरी चार सांगितली काय, सरगम तीच राहते. फ्रेंच संगीतकाराचं मात्र नेमकं उलट असतं. त्याच्याकडे ‘दो, रे, मी’ ही नावं ठरावीक स्वरांना चिकटलेली आहेत: दो म्हणजे नेहमी इंग्रजी नावाचा ‘सी’, ला म्हणजे नेहमी ‘ए’. पट्टी बदलली की त्याच्या कागदावरची सगळी नावं बदलतात. म्हणून पॅरिसहून तयार नोटेशन घेऊन आलेल्या मंडळींचा वेळ जातो आणि आकड्यांवर चालणारे वादक गायकाचा आवाज ऐकून जागच्या जागी एक सूर खाली उतरतात. तीन तासांच्या सत्रात हा फरक जाणवण्याइतका मोठा असतो.

मिचेलच्या या सत्रांत माउथ ऑर्गन वाजवायला चार्ली मकॉयच होता. 1965 मध्ये डिलनच्या ‘डेसोलेशन रो’ या लांबलचक गाण्यात मागे झरझर वाजणारी अकूस्टिक गिटार याच माणसाची. म्हणजे फोक-रॉकच्या पाळण्याशी हजर असलेला वादक नऊ वर्षांनी एका फ्रेंच गायकाच्या मागे उभा होता.

मकॉयच्या वाद्याची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. दहा भोकांचा माउथ ऑर्गन गाण्याच्याच पट्टीचा घ्यायचा नसतो. गाणं ‘जी’ पट्टीत असेल तर वाद्य ‘सी’ पट्टीचं घेतात, गाणं ई मध्ये असेल तर ए चं. आपल्या भाषेत सांगायचं तर गाण्याचा मध्यम हा वाद्याचा षड्ज होतो. मग गाण्याचा सा दुसऱ्या भोकात श्वास आत ओढल्यावर मिळतो, आणि आत ओढलेला सूर जीभ-गळ्याच्या दाबाने खाली वाकवता येतो. त्यातूनच तो रडवेला, घसरता आवाज येतो. यात एक खोट राहते: पाचव्या भोकाचा ओढीचा सूर कोमल निषाद येतो आणि कंट्रीच्या गोड चालीत तो टोचतो. म्हणून त्या भोकाची पत्ती घासून सूर अर्ध्याने चढवतात आणि शुद्ध निषाद मिळवतात. या जुळणीला ‘कंट्री ट्यूनिंग’च म्हणतात, आणि मकॉयचं वादन तिच्यासाठी ओळखलं जातं. हे न करता नुसता बाजारातला माउथ ऑर्गन तोंडाला लावला की गाणं ब्लूजकडे कलतं, आणि ते का कललं हे वाजवणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

दुसरं वाद्य पेडल स्टील गिटार. टेबलासारखी आडवी, दहा तारा, डाव्या हातात पोलादी दांडी, खाली पायाने दाबायचे तीन पेडल आणि गुडघ्याने ढकलायच्या चार-पाच कळा. तारा ई कॉर्डला लावलेल्या असतात. ई ला सा मानलं तर सा-ग-प. पहिलं पेडल दाबलं की प चढून ध होतो, दुसरं दाबलं की ग चा म होतो, सा जागचा हलत नाही. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं, म्हणजे 1 ची कॉर्ड डोळ्यादेखत 4 होते, आणि ती तुटक उडीने नव्हे तर मींडेने. कंट्री ऐकताना जो हुंदका वाटतो तो बहुतेकदा ही एवढीच हालचाल असते.

पेडल स्टीलचा धोका असा की तिचा गाता आवाज गायकाच्याच पट्ट्यात असतो. गायक ओळ म्हणत असताना ती वाजली तर शब्द बुडतात. म्हणून ती दोन ओळींमधल्या फटीत वाजवायची, आणि एका फटीत एकच वाद्य. पहिल्या कडव्यात स्टील, दुसऱ्यात पियानो किंवा फिडल, अशी वाटणी वादक आधीच ठरवून घेतात. फ्रेंच गाण्यात ही शिस्त दुपटीने पाळावी लागते, कारण फ्रेंच श्रोता शब्द ऐकायला बसलेला असतो.

फोक-रॉकची खूण म्हणजे बारा तारांची गिटार. वरच्या दोन जोड्या समस्वरात आणि खालच्या चार जोड्या सप्तकाच्या अंतराने लावतात, म्हणून ती चमचमते. ताण फार पडतो, त्यामुळे बरेच जण पूर्ण गिटार एक सूर उतरवतात आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून मूळ पट्टी गाठतात. तुटणारी तार बहुतेकदा एकच असते: ‘जी’ स्वराच्या जोडीतली वरच्या सप्तकाची, सगळ्यांत बारीक. ती जास्तीची जवळ ठेवलेली बरी.

आता मुख्य गाठ.

इंग्रजी शब्दात एका अक्षरावर जोर असतो आणि तो ठरलेला असतो. ‘रेकॉर्ड’ हाच शब्द पहिल्या अक्षरावर जोर दिला तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. मेंफिस म्हणताना अमेरिकी माणूस ‘मेम्’वर जोर देतो आणि ‘फिस’ गळून पडतं. कंट्रीचा ठेका या जोरांवर उभा आहे. बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला, आळीपाळीने सा आणि खालचा प. स्नेअर ड्रम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. शब्दातलं जोरकस अक्षर पहिल्या किंवा तिसऱ्या मात्रेवर पडलं की ओळ आपोआप झुलते. गायकाला वेगळं काही करावं लागत नाही, भाषाच त्याला झुलवते.

फ्रेंचमध्ये शब्दाचा स्वतःचा असा जोर नसतो. जोर येतो तो शब्दसमूहाच्या शेवटच्या अक्षरावर. ‘स्युर ला रूत’ म्हटलं तर जोर ‘रूत’वर. तेच पुढे वाढवून ‘स्युर ला रूत द मेंफिस’ म्हटलं की ‘रूत’वरचा जोर ओसरून थेट शेवटच्या ‘फिस’वर जातो. बाकीची अक्षरं साधारण सारख्या लांबीची, एकामागोमाग. मराठीतही इंग्रजीसारखा अर्थ बदलणारा जोर नाही; आपणही अक्षरं आणि मात्रा मोजतो. अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं मोजतात, आणि जुनी फ्रेंच कविताही अक्षरंच मोजते.

इथे फ्रेंचला तारणारी एक गोष्ट आहे: मुका ‘अ’. ‘रूत’ हा शब्द बोलताना एका अक्षराचा, पण गाताना शेवटचा न उच्चारलेला स्वर जागा होतो आणि ‘रू-तऽ’ अशी दोन अक्षरं होतात. हे आपल्याला नवीन नाही. ‘वाट’ बोलताना आपण शेवटचा अ गिळतो, पण अभंगात त्याची दोन अक्षरं धरतो आणि गाताना ‘वाटऽ’ असा तो स्वर सोडतो. फ्रेंच गीतकाराकडे इंग्रजीसारखा ‘जोरकस मग हलका’ असा शेवट करायला मुख्यतः हेच साधन आहे. शेवटी मुका स्वर असलेले शब्द निवडायचे, म्हणजे जोर आधीच्या अक्षरावर पडतो आणि शेपूट हलकं राहतं. फ्रेंच छंदशास्त्रात अशा यमकाला स्त्रीलिंगी यमक म्हणतात. कंट्रीच्या चाली फ्रेंचमध्ये आणताना या यमकांचा साठा जवळ लागतोच.

याच कसोटीवर काही गाणी लावून पाहता येतात. 1964 मध्ये फ्रेंच रॉक गायक जॉनी हॅलिडेने ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे लोकगीत ‘ल पेनितांसिए’, म्हणजे ‘तुरुंग’, या नावाने गायलं. शब्द यूग ओफ्रे आणि व्लीन बुगी यांचे. त्या चालीच्या ओळी जोरकस अक्षरावर संपतात, आणि फ्रेंचला तेच हवं असतं. ‘पेनितांसिए’चा शेवटचा ‘ए’ चालीच्या शेवटच्या लांब सुरावर नीट बसतो. मूळ गाण्यातल्या बदनाम घराचा तुरुंग झाला, तरी श्रोत्याला काही हरवल्यासारखं वाटलं नाही. ए मायनर, सी, डी, एफ अशा चढत्या कॉर्ड, प्रत्येकीवर सहा टप्प्यांत उलगडणारी बोटं, आणि वर सरळ चालणारी अक्षरं. फोक-रॉक फ्रेंचमध्ये सहज रुजलं त्याचं एक कारण हेच आहे, असं आमचं मत.

दुसरं उदाहरण फ्रेंचमध्ये गाणाऱ्या ‘जो दासँ’ या गायकाचं. जन्म 1938, न्यूयॉर्कमध्ये. शिक्षण मिशिगन विद्यापीठात, मानववंशशास्त्राचं. अमेरिकी लोकगीतं त्याने तिथेच विद्यार्थीदशेत आत्मसात केली. 1972 मध्ये त्याने अमेरिकी गायक स्टीव्ह गुडमनचं ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’ घेतलं. मूळ गाणं एका आगगाडीचं, तिच्या मरू घातलेल्या मार्गाचं. क्लोद लमेल आणि रिशेल दासँ यांनी फ्रेंच शब्द लिहिताना आगगाडी काढूनच टाकली. ‘साल्यू लेझामूरो’ हे गाणं झालं वेगळं होणाऱ्या प्रेमिकांचं. यावर नाराज होणारे आहेत. पण विचार करा: मूळ ओळी अमेरिकी स्टेशनांच्या आणि राज्यांच्या नावांनी भरलेल्या आहेत, आणि ती नावं इंग्रजी जोरासकट चालीत ठोकलेली आहेत. फ्रेंच उच्चारात त्यांचा जोर सरकतो आणि चाल लंगडते. अर्थ सोडून त्यांनी चाल वाचवली. त्या चालीत भराभर, सारख्या लांबीची बरीच अक्षरं येतात, आणि फ्रेंच तिथे आपल्या मूळ चालीने धावते.

मिचेलचं ‘स्युर ला रूत द मेंफिस’ या दोन्हींपेक्षा अवघड. मूळ गाणं अमेरिकी कंट्री गायक टॉम टी. हॉलचं, ‘दॅट्स हाउ आय गॉट टू मेंफिस’. मूळ ओळीत सात अक्षरं. फ्रेंच ओळीत ‘रूत’चा मुका स्वर जागा केला तर तीही सातच. मोजणी जुळली, पण मेंफिस हे नाव हलक्या शेवटाचं. परदेशी गावाचं नाव म्हणून फ्रेंच कान त्यावर इंग्रजी जोर खपवून घेतो. घरच्या शब्दावर तोच प्रयोग केला तर लगेच खटकतं.

असं रूपांतर करताना फ्रेंच गीतकार तीन पायऱ्या चढतात. पहिली ‘याऊर्त’, म्हणजे शब्दशः दही: अर्थ नसलेले, इंग्रजीसारखे वाटणारे आवाज काढत चाल गायची. यात जोर कुठे पडतो ते तोंडालाच कळतं. दुसरी ‘मोंस्त्र’, म्हणजे राक्षस: कसलेही फ्रेंच शब्द घालून अक्षरसंख्या आणि जोराच्या जागा पक्क्या करायच्या, अर्थ कितीही वेडावाकडा असो. तिसऱ्या पायरीवर खरे शब्द. राक्षस वगळून एकदम खऱ्या शब्दांकडे गेलं की सुंदर वाटणारी ओळ मोहात पाडते आणि मग चाल तिच्यासाठी ताणावी लागते. याआधी एक कागदी पायरीही आहे: मूळ प्रकाशकाची, किंवा त्याच्या फ्रान्समधल्या प्रतिनिधीची परवानगी. ती नसेल तर रूपांतर प्रसिद्ध करता येत नाही.

बिघडतं कुठे? एक म्हणजे गिटारवादक चारही मात्रांना सारखे फटके मारतो. फ्रान्समध्ये जिप्सी जॅझमुळे ‘पोंप’ नावाचा हा ठेका हातात बसलेला असतो. कंट्रीत मात्र पहिल्या-तिसऱ्या मात्रेला अंगठ्याने एकच खर्जाची तार छेडायची आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला वरच्या तारा. दोन ठेके एकमेकांत मिसळले की गाणं धावतं, झुलत नाही. दुसरी चूक नाकातल्या स्वरांची. फ्रेंचमध्ये अनुनासिक स्वर मुळातच भरपूर, आणि कंट्री गायक नाकातून गातो म्हणून त्याची नक्कल केली तर शब्द ओळखू येईनासे होतात. मिचेल या फंदात पडत नाही. भारदस्त, मोकळ्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखा गातो.

फ्रेंचमध्ये कंट्री मुळातच शक्य नाही, असंही म्हटलं जातं. ते चूक आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये विली लामोत 1940 च्या दशकापासून फ्रेंचमध्ये काउबॉय गाणी गात होता, आणि अमेरिकेतल्या लुइझियानाच्या केजन, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या, लोकांचं गाणं तर कंट्रीच्या शेजारीच वाढलं. खुद्द फ्रान्समध्येही दक्षिणेकडचे लोक मुका स्वर बोलतानाही उच्चारतात. आस्ताफोरचा फ्रान्सिस काब्रेल फोक-रॉक गाताना इतका सहज वाटतो त्यात त्या बोलीचा हात आहे. 2012 मध्ये त्यानेही डिलनच्या गाण्यांचा फ्रेंच अल्बम काढला. दासँने शेवटी लुइझियानाचाच माणूस गाठला: 1979 च्या ‘ब्लू कंट्री’ अल्बमसाठी त्याने गायक-गीतकार टोनी जो व्हाइटची गाणी घेतली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये ताहितीत दासँ वारला.

मिचेलने मात्र 1977 मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. ‘ला दर्निएर सेआंस’ हे शीर्षकगीत कुणाचं रूपांतर नाही. चाल पिएर पापादियामांदिसची, शब्द मिचेलचे. विषय गल्लीतल्या चित्रपटगृहाचा, जे आजच्या खेळानंतर कायमचं बंद होणार आहे. चाल आणि वाद्यमेळ अमेरिकेकडे बघणारा, पण गोष्ट फ्रेंच वस्तीतली. आणि शीर्षकच पाहा: ‘दर्निएर’च्या शेवटी मुका स्वर, ‘सेआंस’च्या शेवटी मुका स्वर. गाताना जोर ‘निएर’वर आणि ‘आंस’वर, दोन्ही शेपटं हलकी. जी हलकी अखेर परक्या चालीसाठी धुंडाळावी लागायची, ती इथे घरच्या दोन साध्या शब्दांत आयती आली. 1982 पासून फ्रेंच टीव्हीवर जुने अमेरिकी चित्रपट दाखवणारा मिचेलचा कार्यक्रम सुरू झाला, तोही याच नावाने, आणि तो 1998 पर्यंत चालला.

हे सगळं कानाने तपासायचं असेल तर मूळ ‘मेंफिस’ आणि मिचेलचं ‘मेंफिस’ एकापाठोपाठ लावा. बेसच्या प्रत्येक ठोक्याला बोटाने टेबलावर टिचकी मारा आणि टिचकीवर पडणारं अक्षर कागदावर लिहीत जा. इंग्रजीच्या यादीत बहुतेक महत्त्वाचे शब्द सापडतील. फ्रेंचच्या यादीत शब्दसमूहांचे शेवट दिसतील, आणि अधूनमधून एखादं ‘ल’, ‘द’ असं किरकोळ अक्षर. ते किरकोळ अक्षर आलं की गायक काय करतो ते नीट ऐका. मिचेल बऱ्याचदा तिथे ओळ किंचित उशिरा सुरू करतो, ठोका रिकामा जाऊ देतो आणि त्याच्या मागून बोलत येतो.